कॉर्नफ्लेक्सचा बर्फ

लहानशा गावातलं रेल्वे स्टेशन. संध्याकाळची वेळ, बर्फ पडतोय. पियानो शिकवून पोट भरणारी एक तरुणी प्लॅटफॉर्मवर उभी आहे आणि तिच्यासमोर तो, बॅग घेऊन दुसऱ्या शहरात नोकरीला निघालेला. सिनेमाभर आपण वाट बघत असतो की ही बाई आता तरी त्याला ‘थांब’ म्हणेल. ती तोंड उघडते आणि मिटते. मग हात पुढे करून त्याच्या कोटाच्या कॉलरवर पडलेला बर्फाचा एक कण दोन बोटांत उचलते, आणि त्या कणाकडे बघत उभी राहते. गाडी निघून जाते.

काळ्यापांढऱ्या रंगातला हा प्रसंग अमेरिकेतल्या म्हाताऱ्या माणसांच्या अगदी ओळखीचा आहे. मी तो पहिल्यांदा पाहिला २००५ च्या जानेवारीत, शिकागोजवळच्या नेपरव्हिलच्या लायब्ररीच्या तळघरातल्या खोलीत. आजूबाजूला सगळी पांढऱ्या केसांची मंडळी. दोघीतिघींनी रुमाल काढले होते. मला रडू आलं नाही. माझ्या मनात एकच विचार होता. हा बर्फ वितळत का नाही?

मला बर्फ दिसायला लागून जेमतेम दोन महिने झाले होते. त्याआधीचं सगळं आयुष्य सांगोल्यात गेलेलं, जिथे बर्फ म्हणजे लिंबू-सरबताच्या गाडीवर भुशात ठेवलेली लादी. पण नेपरव्हिलच्या पहिल्याच बर्फात मी आमच्या अपार्टमेंटच्या बाल्कनीत हात बाहेर काढून उभी राहिले होते, आणि बोटावर पडलेला कण बघताबघता नाहीसा होतो हे मला पक्कं माहीत झालं होतं. या बाईच्या बोटांत तो गाडी जाईपर्यंत तसाच होता.

मी त्या खोलीत सिनेमाच्या आवडीने गेले नव्हते, त्याचं कारण वेगळं होतं.

लग्न होऊन मी अमेरिकेत आले ती नवऱ्याच्या व्हिसावर. त्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती, शिकता मात्र येत होतं. मी बी.एस्सी. बी.एड. झालेली, आमच्या घरातली पहिली पदवीधर. वडिलांचं शिवणकामाचं दुकान होतं आणि माझं पदवीचं सर्टिफिकेट त्यांनी फ्रेम करून तिथे मशीनच्या वर लावलं होतं, देवाच्या फोटोच्या शेजारी. गिऱ्हाईक माप द्यायला उभं राहिलं की समोर माझं नाव. दोन वर्षं शाळेत लहान वर्गांना शिकवलंही होतं. त्यामुळे नेपरव्हिलमध्ये आल्यावर जवळच्या कम्युनिटी कॉलेजात लहान मुलांना शिकवण्याचा कोर्स करायचा, म्हणजे पुढेमागे परवानगी मिळाली की इथल्या शाळेत उभं राहता येईल, असं मी ठरवलं. लेखी परीक्षा दिली. चांगले मार्क पडले. मग मुलाखतीला बोलावलं.

मुलाखत घेणाऱ्या बाई हसतमुख होत्या. त्या भराभर बोलत होत्या आणि मी मान हलवत ‘येस, येस’ म्हणत होते. आमच्याकडे मोठ्या माणसाला ‘परत सांगा’ म्हणणं म्हणजे लक्ष नव्हतं असं कबूल करणं. शाळेत तर त्यासाठी उभं राहावं लागायचं. शेवटी बाईंनी विचारलं, ‘‘तुला काही विचारायचंय?’’ मी म्हटलं, ‘‘येस.’’ त्या थांबल्या. मीही थांबले. त्या वाट बघत राहिल्या. मला विचारायला एक वाक्य सुचेना.

त्यांनी माझी फाइल मिटली, फार हळुवारपणे. ‘‘तुझं लेखी उत्तम आहे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पण चार वर्षांची मुलं लेखी बोलत नाहीत. एप्रिलमध्ये परत ये. तोवर माणसांशी बोल.’’

माणसांशी बोल. कुठल्या? नवरा सकाळच्या गाडीने शिकागोला जायचा तो अंधार पडल्यावर यायचा. भारतीय दुकानात हिंदी चालायचं, देवळात मराठी. एप्रिलला पुन्हा तेच झालं असतं तर मला स्वतःलाच वाटलं असतं की सांगोल्यातलं ते सर्टिफिकेट भिंतीवरच बरं.

यावर उपाय काढला काकूंनी. काकू म्हणजे आमच्या शेजारच्या वसाहतीत राहणाऱ्या, तीसेक वर्षांपूर्वी पुण्याहून आलेल्या डॉक्टर. भुलीच्या डॉक्टर होत्या, नुकत्याच रिटायर झाल्या होत्या आणि रिकामा वेळ त्यांना सहन होत नव्हता. मराठी मंडळाच्या दिवाळीत ओळख झाली होती. मुलाखतीची हकीकत ऐकून त्यांनी मला सरळ फर्मावलं.

‘‘बुधवारी तयार राहा. पिकअप करते तुला. लायब्ररीत जुन्या सिनेमांचा ग्रुप आहे. सगळी म्हातारी. म्हाताऱ्यांना कुणीतरी ऐकणारं हवं असतं आणि तुला कुणीतरी बोलणारं हवंय. शिवाय कॉफी फ्री.’’

त्या ग्रुपची एक रीत होती. एका बुधवारी सिनेमा बघायचा. पुढच्या बुधवारी कुणीतरी एकाने त्यातल्या गाजलेल्या प्रसंगामागची गोष्ट शोधून आणून सांगायची, आणि बाकीच्यांनी त्यावर वाद घालायचा. ग्रुप चालवायच्या त्या एक निवृत्त शाळामास्तरीण. कुणाचंही वाक्य अर्धं राहिलं तरी पूर्ण करून द्यायच्या नाहीत. आणि पहिल्याच खुर्चीत एक आजोबा बसायचे, पूर्वी दातांचे डॉक्टर असलेले, दोन्ही कानांत यंत्रं. ते दर दोन मिनिटांनी हात वर करून म्हणायचे, ‘‘परत सांगा, ऐकू आलं नाही.’’ समोरचा परत सांगायचा. आजोबा म्हणायचे, ‘‘अजून एकदा.’’ समोरचा अजून एकदा सांगायचा. कुणी हसत नव्हतं, कुणी कंटाळत नव्हतं. मी हे बरेच बुधवार बघत होते आणि मला त्याचं फार नवल वाटत होतं.

स्टेशनवरचा तो सिनेमा संपला त्या दिवशी शाळामास्तरीणबाईंनी खोलीभर नजर फिरवली आणि ती माझ्यावर थांबली. त्या काहीतरी म्हणाल्या. मी मान हलवली, ‘‘येस.’’ सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

गाडीत बसल्यावर काकूंनी हीटर लावला आणि माझ्याकडे बघितलं. ‘‘कळलं का कशाला हो म्हणालीस?’’

‘‘नाही.’’

‘‘पुढच्या बुधवारी त्या सीनमागची गोष्ट तू सांगणार आहेस.’’

‘‘काकू! तुम्ही नाही म्हणायचं ना!’’

‘‘मी कशाला नाही म्हणू? हो तू म्हणालीस.’’ त्यांनी गाडी सुरू केली. ‘‘आता एप्रिलची मुलाखत गेली खड्ड्यात. आधी बुधवार बघ.’’

पण मला ठाऊक होतं की बुधवार म्हणजेच एप्रिल. दहा म्हाताऱ्या माणसांपुढे जी तोंड उघडू शकत नाही, ती वर्गात काय उघडणार.

मी लायब्ररीतून दोन जाड पुस्तकं आणली. वाचण्यात मला कोणी हरवू शकत नव्हतं. त्यात बर्फाचं उत्तर मिळालं. तो सिनेमा कॅलिफोर्नियात भर उन्हाळ्यात, बंद स्टुडिओत चित्रित झाला होता. बर्फ होता कॉर्नफ्लेक्सचा. नाश्त्याचे कॉर्नफ्लेक्स, पांढरे रंगवून वरून सोडलेले. जमिनीवर त्यांचा थर साचला आणि नटनटी चालायला लागले की असा करकर आवाज व्हायचा की मायक्रोफोनमध्ये बोलणं ऐकूच येईना. त्या प्रसंगासाठी पानभर संवाद लिहिलेले होते. तिने त्याला सगळं सांगायचं होतं आणि तरीही तो जाणार होता. दिग्दर्शकाने दिवसभर प्रयत्न केला. लोकरीच्या कोटांत नट घामाने भिजले, पंखे लावावे तर बर्फ उडायचा. शेवटी वैतागून तो म्हणाला, बोलू नका, हलू नका, नुसते उभे राहा. जगाने ज्या शांततेचं इतकं कौतुक केलं ती अशी आली होती. आणि कॉलरवरचा तो कण? एका पुस्तकात होतं की ते नटीने आपल्या मनाने केलं. दुसऱ्यात होतं की कॉर्नफ्लेक्सचा तुकडा घामाने त्याच्या गळ्याला चिकटला होता, त्याला हसू आवरत नव्हतं, म्हणून तिने तो काढला.

एवढी छान गोष्ट हाती लागल्यावर मी ती आमच्या पद्धतीने तयार केली. शाळेत असताना मी वक्तृत्व स्पर्धेत तालुक्यात पहिली आलेली. भाषण लिहायचं, पाठ करायचं, कुठे हात वर न्यायचा आणि कुठे आवाज खाली आणायचा हेसुद्धा पाठ करायचं. आमच्या सरांनी एकच गुरुमंत्र दिला होता, की समोर माणसं नाहीत, कोबीचे गड्डे आहेत असं समजायचं. मी इंग्रजीत भाषण लिहिलं, शब्दकोशातले चांगले चांगले शब्द घातले आणि हॉलमध्ये येरझाऱ्या घालत घोकायला लागले.

नवरा सोफ्यावर बसून ऐकत होता. ‘‘अगं, भारी आहे यार. पण तू भिंतीकडे बघून का बोलतेयस?’’

‘‘अहो, मध्ये बोलू नका. परत पहिल्यापासून सुरू करावं लागतं मला.’’

‘‘आणि तिथे कुणी मध्ये बोललं तर?’’

‘‘भाषणात मध्ये कोण बोलतं?’’ मी म्हटलं.

बुधवारी काकू जरा लवकरच आल्या. वाटेत त्यांनी फक्त एवढंच सांगितलं, ‘‘मी आयुष्यभर लोकांना झोपवायचं काम केलं. तू आज तेवढं करू नकोस.’’

मी खोलीत पुढे जाऊन उभी राहिले. पाय जुळवले, हात मागे बांधले, समोरच्या भिंतीवरच्या आग विझवायच्या लाल नळकांड्यावर नजर लावली आणि खणखणीत आवाजात इंग्रजीतून सुरुवात केली, ‘‘आदरणीय अध्यक्ष महोदया, निःपक्षपाती परीक्षक आणि येथे जमलेल्या माझ्या बंधुभगिनींनो!’’

 पहिल्या खुर्चीतल्या आजोबांनी मागे वळून बघितलं. ‘‘परीक्षक कोण आहे?’’ त्यांनी शेजारणीला विचारलं. ‘‘मी आहे का? आधी सांगितलं असतं तर टाय घालून आलो असतो.’’

सगळे हसले. मला ऐकू आलं पण मी नळकांड्यावरची नजर काढली नाही. दुसरा परिच्छेद पार पडला. तिसऱ्यात मी उजवा हात वर नेला आणि कॉर्नफ्लेक्सचं वाक्य म्हटलं, तेवढ्यात आजोबांचाही हात वर आला.

‘‘कॉर्नफ्लेक्स म्हणालीस का? म्हणजे खायचे? मग आवाजाचं काय केलं त्यांनी? मोठा आवाज होत असेल!’’

आवाज पाचव्या परिच्छेदात होता.

मी थांबले. चौथ्याचं पहिलं वाक्य शोधलं, सापडेना. तिसऱ्यावर परत जावं तर तेही गेलेलं. आमच्या स्पर्धेत असं झालं की मुलं ‘जय हिंद’ म्हणून खाली उतरायची, आणि तेही मला म्हणता येईना. मी काकूंकडे बघितलं. त्या माझ्याकडेच बघत होत्या पण त्यांनी ओठसुद्धा हलवला नाही. शाळामास्तरीणबाईही तशाच. दोघींपैकी कुणी एक वाक्य पूर्ण करून दिलं असतं तर मी आभार मानून बसले असते, आणि बसले असते तर एप्रिलमध्ये त्या कॉलेजात पाय ठेवला नसता, हे मला आजही तितकंच खरं वाटतं.

‘‘हो,’’ मी म्हटलं. ‘‘आवाज. फार मोठा आवाज.’’

आजोबांनी कानाला हात लावला. ‘‘परत सांग?’’

‘‘मोठा आवाज!’’ मी ओरडलेच. ‘‘मला माहीत आहे. मी चाललेय तशा बर्फावरून.’’

हे भाषणात नव्हतं. कुठून आलं ते मला कळलं नाही, पण आता सगळे पुढे झुकून बसले होते. मग मी नळकांडं सोडलं आणि आजोबांच्या चेहऱ्याकडे बघत बोलले. इथे मी मराठीत लिहितेय म्हणून सरळ वाटतंय. तेव्हा ते तुकड्यातुकड्यांत होतं, काळांचा गोंधळ, मध्येच हातवारे.

आमच्या शाळेच्या गॅदरिंगमध्ये सीमेवरच्या सैनिकांचं नाटक बसवलं होतं. मुलींची शाळा, त्यामुळे सगळे सैनिक मुलीच. मी मरणारा सैनिक. हिमालय म्हणजे बाकांवर बाक रचून त्यावर टाकलेल्या चादरी, आणि बर्फ म्हणजे पोतंभर चुरमुरे. फुगवलेले तांदूळ, सकाळी तुम्ही दुधात घालता तसे, असं मी सांगितलं तेव्हा तिघीचौघींनी माना हलवल्या. तालमीत सैनिक चालायला लागले आणि हिमालयभर कुरुमकुरुम. माझं मरतानाचं भाषण कुणालाच ऐकू जाईना. मग नाटक बसवणाऱ्या बाईंनी अक्कल लढवली. प्रयोगाच्या आधी चुरमुऱ्यांवर पाणी शिंपडायला लावलं. आवाज गेला. पण भिजलेले चुरमुरे सैनिकांच्या तळपायांना चिकटले, आणि मी मेल्यावर मला उचलून नेणाऱ्या दोघी पाय झटकत झटकतच गेल्या. पुढच्या रांगेतल्या पोरांनी तोवर सीमेवरचा बर्फ खायला सुरुवात केली होती.

आजोबा इतके हसले की त्यांच्या एका कानातलं यंत्र शिट्टी मारायला लागलं. ते बसवत ते म्हणाले, ‘‘हॉलीवूडवाल्यांनी तुझ्या बाईंना तार करायला हवी होती.’’

‘‘नाही,’’ मी म्हटलं, ‘‘बरं झालं नाही केली. नाहीतर ती बोलली असती.’’

त्यावर खोलीत एकदम कल्ला झाला. शाळामास्तरीणबाईंनी विचारलं, म्हणजे काय? मग मी सांगितलं, पानभर संवाद होता, तो आवाजामुळे गेला. संवाद गेला हे कळल्यावर एक आजीबाई रागावल्याच. इतकी वर्षं त्या प्रसंगाला रडत आलो, आणि तो निव्वळ कॉर्नफ्लेक्सचा घोळ होता? आजोबा म्हणाले, तसंच असणार, सिनेमाचा धंदाच तो, नटीला तरी कुठे काय कळत होतं, तिने कचरा काढला एवढंच.

‘‘मला तसं वाटत नाही,’’ मी म्हटलं.

‘‘परत सांग?’’

‘‘मला तसं वाटत नाही. तुम्ही चुकताय.’’

आयुष्यात पहिल्यांदा मी वडीलधाऱ्या माणसाला तोंडावर असं म्हणत होते, आणि तेही इंग्रजीत. आजोबा खुशीत आले. खुर्ची पुढे ओढून म्हणाले, ‘‘मग सांग, का?’’

मी सांगितलं. कचरा काढायचा तर माणूस काढतो आणि टाकतो. तिने टाकला नाही. ती बघत राहिली. तिला ठाऊक होतं की पानभर बोलायचं होतं आणि आता बोलायचं नाहीये, आणि हातात काय आहे तर हा एवढा तुकडा. माझ्या आईने मला विमानतळावर सोडायला येताना घरापासून मुंबईपर्यंत एक शब्द काढला नाही. फक्त माझ्या साडीच्या निरीवरचं दोऱ्याचं टोक ती तोडत बसली होती. वडील शिंपी असलेल्या घरात दोऱ्याची टोकं कुणाला नवीन नव्हती. मी हे सांगत असताना ‘निरी’ला इंग्रजी शब्द मिळेना, तेव्हा मी ओढणीच्या चुण्या करून दाखवल्या. शाळामास्तरीणबाईंना शब्द नक्की येत असणार. त्यांनी सांगितला नाही, मी दाखवेपर्यंत थांबल्या.

काय बोलले त्यातलं व्याकरण किती बरोबर होतं, देव जाणे. आजोबा मला पटलं असं म्हणाले नाहीत. ‘‘विचार करून सांगतो,’’ म्हणाले. लायब्ररीची बाई खोली बंद करायला आली तरी वाद चालूच होता, आणि पार्किंगमध्ये, गुडघ्याएवढ्या खऱ्या बर्फात, आजोबांनी गाडीची काच खाली करून मला आणखी एक मुद्दा सांगितला. तो मला कळला नाही. मी म्हटलं, ‘‘परत सांगा.’’ त्यांनी परत सांगितला.

काकूंनी मला घरापर्यंत सोडलं. मी उतरताना म्हणाल्या, ‘‘ते बंधुभगिनी प्रकरण मात्र पुन्हा करू नकोस. मला वाटलं तू इलेक्शनला उभी राहतेयस.’’

त्यानंतरच्या प्रत्येक बुधवारी मी काहीतरी बोलले. कधी दोन वाक्यं, कधी बरंच. चुकीचं तर दर वेळी. त्या माणसांनी मला काही शिकवायचं म्हणून शिकवलं नाही. आपसांत जसं भांडायचे तसं माझ्याशी भांडले, एवढंच. त्यांच्यातली बहुतेक आता नाहीत. मी त्यांचे आभार नीटसे मानले नाहीत. मानायचे कसे हे तेव्हा सुचलं नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

एप्रिलमध्ये कॉलेजच्या त्याच बाई, तीच खुर्ची. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो मला अर्धाच कळला. मी म्हटलं, ‘‘माफ करा, परत सांगाल?’’ त्यांनी सावकाश परत सांगितला. लहान मूल रडत असेल तर काय करशील, असं काहीतरी होतं. मी म्हटलं, आधी कशासाठी रडतंय ते बघेन, कारण आमच्याकडे एकत्र तीस मुलं असायची आणि एक रडलं की रांगेने सगळी रडायची. मग त्यांनी विचारलं, तीस? एकटी कशी सांभाळायचीस? मी ते सांगितलं. गाणी सांगितली, मोजायला शिकवताना चिंचोके कसे वापरायचो ते सांगितलं. चिंचोका म्हणजे काय ते सांगायला बराच वेळ गेला.

‘‘बरं, तुला काही विचारायचंय?’’ त्या म्हणाल्या.

मला पुष्कळ विचारायचं होतं. इथल्या वर्गात मुलं कमी का असतात. त्यांना जमिनीवर बसवतात का. मूल चुकीचं बोललं तर लगेच दुरुस्त करायचं की बोलू द्यायचं. या शेवटच्या प्रश्नावर त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, यावर आमच्या डिपार्टमेंटमध्येच दोन तट आहेत. त्या एका तटाचं सांगायला लागल्या. मी मध्येच म्हटलं, मला दुसरा तट बरोबर वाटतो. त्या म्हणाल्या, का?

तेवढ्यात दार वाजलं. पुढच्या मुलाखतीचा मुलगा आत डोकावला. बाईंनी माझ्या फाइलवर सही करून ती बाजूच्या ट्रेमध्ये टाकली, उन्हाळ्याच्या वर्गांचं वेळापत्रक माझ्याकडे सरकवलं, आणि त्याला म्हणाल्या, ‘‘जरा बाहेर बसतोस का? आमचं बोलणं चाललंय.’’